एसीपी प्रद्युम्न गेले, परत आले. क्राईम मालिकांच्या स्टोऱ्यांवर मनातलं बोलूया

उभा_मारुती_चौक

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहायला बसलोय, लांबलंय जरा पण वाचा.

सीआयडी आमच्यात जेवणाच्या ताटाबरोबर लागायची. २१ जानेवारी १९९८ ला सुरू, २७ ऑक्टोबर २०१८ ला बंद, मधे १५४७ भाग. त्यातल्या केसेस विचारल्या तर मला धड धा सांगता यायच्या नाहीत. पण नकुल आठवतोय. एसीपी प्रद्युम्नांचा (शिवाजी साटम) स्वतःचा पोरगा, गुन्हेगारीत शिरला आणि बापाच्याच गोळीनं गेला. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या केसमधे कुणाचा मुलगा वाया गेलेला दिसला की शिवाजी साटम नुसतं मान खाली घालायचे, एक शब्द नाही, आणि आपल्याला सगळं कळायचं. ह्याला मी स्टोरी म्हणतो. केस आज संपते, माणूस वीस वर्षं पुढं चालतो, आणि झालेलं त्याच्या अंगावर राहतं.

आता २०२५ चा एप्रिल आठवा. बार्बोसाचा (तिग्मांशू धुलिया, काम फर्मास) बॉम्बस्फोट, एसीपी प्रद्युम्न गेले, चॅनेलनं हार घातल्यासारखी श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आला. आमची आजी दुसऱ्या दिवशी देवपूजा करतानापण तेच बोलत होती. आणि थोड्या दिवसात साटम परत!! मला ते परत आले ह्याचा आनंदच झाला, पण मग ते मरण कशाला दाखवलं? ज्यांनी डोळं पुसलं त्यांच्याशी असं वागायचं?

माझं म्हणणं एवढंच की मालिकेत माणूस मारलात तर तो मेलाच पाहिजे, आणि जगवायचा असंल तर मारू नका. तुमची मतं सांगा, सीआयडीच पाहिजे असं नाही, देवमाणूस, लक्ष्य, अस्मिता, क्राईम पॅट्रोल सगळं चालंल.

—

सरूआजी_फॅन

दादा धाग्याबद्दल आभार. पण मी विरुद्ध बाजूला. परत आणलं ते बरं केलं. सीआयडी म्हणजे प्रद्युम्न, अभिजीत, दया आणि साळुंखे, ह्यातला एक काढला की दुसरीच मालिका. पार्थ समथान वाईट नाही हो, पण तो "कुछ तो गडबड है" म्हणाला असता तर मी टीव्ही बंद केला असता. चॅनेलनं चूक केली आणि सुधारली, एवढंच बघायचं.

—

शाहूपुरी_गूळवाला

उभा मारुती, +१. आणि भावा तू एक लिहिलं नाहीस ते मी लिहितो. फ्रेडी. त्याचं काम करणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले, खरोखरचे गेले. २०२४ च्या डिसेंबरात मालिका परत सुरू झाली तेव्हा मी पहिला भाग सुरू केला आणि नजर आपोआप त्यांनाच शोधत होती, मागं कोपऱ्यात उभं राहून काहीतरी बडबडतील आणि एसीपी दम देतील असं वाटत होतं. खुनाच्या गोष्टीत पोरांना हसवायचं आणि तरी पोलीस वाटायचं हे सोपं काम नाही, त्या माणसानं ते वर्षानुवर्षं केलं. ज्या टीमनं आपला माणूस खरा गमावलाय त्यांनी दीड वर्षाच्या आत खोट्या मरणाची श्रद्धांजली टाकायला नको होती. मला ते लई लागलं.

—

जुना_अँटेना

तरुण मंडळींनो, थोडं मागचं सांगतो. सीआयडी काढणारे बी. पी. सिंग आधी दूरदर्शनला न्यूज कॅमेरामन होते. त्यांनी सीआयडीच्याही आधी मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती, मुंबई दूरदर्शनवर, आणि त्यातही शिवाजी साटम. १०० हा पोलिसांचा फोन नंबर, त्यावरून नाव. गोष्टी खऱ्या केसेसवरच्या, तेव्हा दुसरं चॅनेल नव्हतं, सगळी गल्ली एकच मालिका बघायची. त्यातला पोलीस दमलेला असायचा. चौकशीला जायचा, घर चुकायचं, परत जायचा. अजून आठवतं ते हे की गुन्हेगारसुद्धा कुणाच्यातरी शेजारी राहणारा साधा माणूस असायचा, निळ्या उजेडात हसणारा नसायचा.

त्याच माणसांनी २००४ ला १११ मिनिटांचा अख्खा भाग एका शॉटमधे काढला, कट नाही, गिनीजमधे नोंद झाली. म्हणजे ह्या लोकांना काम येत नाही असं कुणी म्हणू नये. येतंय म्हणूनच राग येतोय.

—

कळंब्याची_पोरगी

मी जरा देवमाणूसकडं वळवतो. झी मराठीला ३१ ऑगस्ट २०२० ला सुरू झाली, लॉकडाऊनचे दिवस, रात्री साडेदहा, आमच्या बिल्डिंगमधे त्यावेळी सगळ्या घरातनं एकच आवाज यायचा. किरण गायकवाडनं काय डॉक्टर केलाय!! गोड बोलणारा, गावाला देव वाटणारा, आणि बायकांचा जीव घेणारा. खऱ्या घटनेवरनं घेतलेली गोष्ट, २०१६ ला वाईजवळ धोमला उघड झालेलं ते प्रकरण इथं सगळ्यांना म्हाईत आहे.

पहिले तीनचार महिने मला ती मालिका फार खरी वाटली कारण तिनं खुनापेक्षा गाव दाखवलं. बाई हरवली तर घरचे पोलिसात का जात नाहीत, तर "पळून गेली असंल" ही कुजबूज आधी येते. डॉक्टरकडं बाई एकटी का जाते, तर घरात सांगता येत नाही असं दुखणं असतं. खुनी त्या लाजेवर जगत होता. एवढं धारदार लिखाण मराठीत रोजच्या मालिकेत मी तरी बघितलं नाही.

पण मग टीआरपी आला आणि खुनी हिरो झाला. कोर्टाचा ट्रॅक आला, स्वतःची केस स्वतः लढला, सुटला, गावानं मिरवलं. डिसेंबर २०२१ ला दुसरा भाग, आता तो राजस्थानातला नटवर सिंग. २०२५ च्या जूनला 'मधला अध्याय'. ज्या बायका मेल्या त्यांची नावं विचारा कुणाला, डिंपल, टोण्या आणि सरूआजी सगळ्यांना पाठ. उभा मारुती म्हणतोय मेलेला परत आणू नका, मी म्हणतो मेलेलीला विसरू तरी नका.

—

सरूआजी_फॅन

कळंब्याची ताई तुमचं पटतंय हो पण रुक्मिणी सुतारांच्या सरूआजीवर राग नको. म्हणी, शिव्या, तो आवाज, आमच्या मावळणीची आठवण येते. एवढ्या काळोख्या गोष्टीत प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा लागते.

—

कळंब्याची_पोरगी

तिच्यावर राग नाहीच, मलापण आवडते. राग लिहिणाऱ्यांवर आहे, त्यांनी श्वास घ्यायची जागा एवढी वाढवली की मुडदा दिसेनासा झाला. आणि जाताजाता, पश्चिम महाराष्ट्रातली बोली दाखवायची म्हणजे प्रत्येक वाक्यात "रं" आणि "गं" कोंबायचं आणि बोलणारा म्हणजे अडाणी असं समजायचं हे आता बास करा. आमच्यात प्राध्यापकपण असंच बोलतात.

—

काळा_कोट

वकील आहे, कोल्हापुरातच प्रॅक्टिस. धागा वाचून राहवलं नाही.

सगळे मरणावर बोलताय, मी अटकेवर बोलतो, कारण ह्या मालिका अटकेला संपतात आणि आमचं काम तिथनं सुरू होतं. दयानं एक ठेवून दिली, आरोपी रडत सगळं सांगून मोकळा झाला, एसीपी म्हणाले "अब तुम्हें फाँसी होगी", संपलं. आता कायदा बघा. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात शाबीत करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३, तत्त्व तेच. म्हणजे शेवटच्या पाच मिनिटातलं ते भाषण, ज्यावर अख्खा भाग उभा असतो, ते आमच्यासाठी शून्य. चालतं काय, तर आरोपीनं "चाकू अमुक विहिरीत टाकलाय" म्हणून सांगितलं, पोलीस दोन पंच घेऊन त्याच्याबरोबर तिथं गेले आणि चाकू निघाला, तर तेवढा भाग. बार रूममधे आम्ही त्याला जुन्या कायद्याच्या कलम २७ वरनं अजून सत्तावीसचा पंचनामा म्हणतो. आणि त्या पंचनाम्यावर काय भांडणं होतात! पंच कुठला, आधीपण पोलिसांनी त्यालाच पंच घेतलेला का, विहिरीवर पोचायला किती वाजले, चाकू पाकिटात घालून लाखेचं सील केलं का, सीलवर शिक्का कुणाचा, मुद्देमाल लॅबला गेला तो त्याच सीलमधे पोचला का. मी एका केसमधे बघितलंय, पंच पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला सही माझी आहे पण ती पोलीस ठाण्यात केली, विहीर मी बघितलीच नाही. फितूर. सरकारी वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढचे काही सेकंद कोर्टात पंख्याचा तेवढा आवाज. ह्यापेक्षा मोठा ट्विस्ट कुठल्या लेखकानं लिहिलाय सांगा. हे कुणी दाखवत नाही.

आता कोल्हापूरचंच उदाहरण देतो, सगळ्यांना दुखणारं आहे म्हणून जपून लिहितो. गावित मायलेकींची केस, लहान पोरं पळवून मारल्याची. अटक १९९६ ला. आई खटला सुरू व्हायच्या आधीच तुरुंगात वारली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ ला फाशी सुनावली, सुप्रीम कोर्टानं २००६ ला कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ ला फेटाळला, आणि जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारनं जवळपास आठ वर्षं लावली. आता सीआयडीच्या तारखा शेजारी ठेवा. मालिका सुरू व्हायच्या आधी अटक, आणि मालिका बंद पडून तीन वर्षं उलटल्यावर हा निकाल. तिकडं तेवढ्यात १५४७ भाग निघाले, इकडं एक केस. ज्यांची पोरं गेली ती माणसं ह्या सगळ्या तारखांना कुठंतरी जगत होती. "तुम्हें फाँसी होगी" हे वाक्य त्यांना कसं ऐकू येत असेल ह्याचा विचार मी नेहमी करतो.

—

राजारामपुरी_वाचक

काळा कोट साहेब, अंगावर काटा आला. ती केस चालू होती तेव्हा मी शाळेत, जत्रेत आई मनगट सोडायची नाही, लाल व्हायचं.

एक विचारतो, २०१२ ला सीआयडी आणि अदालतचा एकत्र भाग आलेला, रोनित रॉयचा केडी पाठक. त्यात झालं की कोर्ट.

—

काळा_कोट

बघितला होता. तिथं दोन हिरो समोरासमोर होते, दोघांचेही चाहते सांभाळायचे होते. मला पाहिजे ती साधी उलटतपासणी, जिच्यात चाहत्यांचं मन राखायची कुणाला गरज नाही. केडी पाठकचं काम मला आवडतं, पण त्याच्या कोर्टात खरा खुनी प्रेक्षकात बसलेला असतो आणि उठून कबूल करतो. आमच्याकडं उठणारा माणूस पुढची तारीख मागायला उठतो.

—

तपकिरी_फाईल

वडील पोलीस खात्यात होते, हवालदार म्हणून निवृत्त. ते सीआयडी आवडीनं बघायचे, मात्र डॉ. साळुंखे आले की गप्प व्हायचे. साळुंखे परीक्षानळी हलवतात, रंग बदलतो, "बॉस, ये जहर है" आणि विषाचं नाव, वेळ, दुकान सगळं हातात. वडिलांना व्हिसेराच्या (मयताच्या आतल्या अवयवांच्या) बरण्या घेऊन लॅबला जायचं काम असायचं, पोच घ्यायची, आणि मग रिपोर्टची वाट. मयताचे घरचे ठाण्यात येऊन बसायचे आणि वडील त्यांना चहा पाजून परत पाठवायचे कारण सांगायला काहीच नसायचं. रिपोर्ट आला का, हा प्रश्न आमच्या घरात जेवताना निघाला की वडिलांचा घास थांबायचा.

मला वाटतं ह्यात लांबलचक मालिकेला पुरून उरेल असा ट्रॅक आहे. रिपोर्ट यायला वेळ लागतोय, तोवर संशयित बाहेर फिरतोय, गल्लीत ज्याच्यावर संशय तो आणि ज्याचं माणूस गेलं तो एकाच दूध डेअरीवर उभे. नवीन कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर गेलंच पाहिजे असं आलंय, राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे लेखकांना आयता विषय, एक नवीन पोरगी किट घेऊन जिल्ह्यात फिरतीय आणि जुना फौजदार तिला जागेवर पोचायच्या आधीच सगळं तुडवून बसलाय.

—

उभा_मारुती_चौक

तपकिरी फाईल, हे मी बघंन, रोज बघंन. वडिलांना नमस्कार सांगा.

सगळं वाचल्यावर माझं म्हणणं जरा पुढं नेतो. सीआयडीत सुरवातीला हे होतं हो. अभिजीतला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही, तो ट्रॅक आठवा. दुसऱ्याचे पुरावे गोळा करणाऱ्या माणसाकडं स्वतःबद्दल एक पुरावा नाही. आदित्य श्रीवास्तव किती कमी बोलून किती करायचे त्यात, मधेच कुठल्यातरी अनोळखी माणसानं ओळख दाखवली की चेहऱ्यावर आधी आशा आणि मग भीती. आणि दया त्याच्या शेजारी उभा, काही न विचारता. दयानंद शेट्टींना लोक दरवाजे फोडण्यासाठी ओळखतात, मी त्या उभं राहण्यासाठी ओळखतो. म्हणून परतीच्या वेळी प्रोमोत अभिजीत दयाला गोळी घालतो हे दाखवलं तेव्हा सगळा महाराष्ट्र हलला, वीस वर्षांची ठेव होती ती. ती एका प्रोमोत खर्च केली. असली गोष्ट वर्षभर पुरवून वापरायची असती, दोघांना एका खोलीत बसवायचं असतं आणि गोळीबद्दल बोलायला लावायचं असतं.

—

शाहूपुरी_गूळवाला

बरोबर. भांडण दाखवत्यात, समेट दाखवत्यात, मधलं अवघडलेपण कोण दाखवणार. आमच्या यार्डात दोन भाऊ एका पेढीवर बसून वर्षं झाली बोललेले नाहीत, पावती एक लिहितो, सही दुसरा करतो. असं लिहा की अभिजीत आणि दयाचं.

—

हुपरीकर

लक्ष्यचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. स्टार प्रवाह, युनिट आठ, अदिती सारंगधरची सलोनी देशमुख. मराठीत पोलिसांची टीम म्हणून ती मालिका मला जवळची, कारण पोलीस मराठीत विचार करत होते, हिंदीतनं आणल्यासारखे वाटत नव्हते. अस्मितापण आवडायची, मयुरी वाघ, पण ती घरात बसून बघायची गोष्ट, लक्ष्यमधे ठाण्याचा वास होता. क्राईम पॅट्रोल मी सोडली. वाईट नाही, अनुप सोनी नीट सांगायचे, पण तिथं माणूस पुढच्या भागात नसतो, मला माणूस लागतो.

आणि कुणीतरी कोल्हापूर-हुपरीकडं वळा हो. चांदीचा धंदा सगळा विश्वासावर, कच्ची चांदी कारागिराच्या घरी जाते, पैंजण होऊन परत येते, मधे घट किती धरायची ती तोंडी ठरलेली. एक पोतं गायब झालं तर कागदावर काय दाखवणार? चित्रनगरी इथंच मोरेवाडीला आहे, सेट लावायला मुंबईला जायचं कारण नाही.

—

कळंब्याची_पोरगी

आणि कोर्टपण आता इथंच. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं सीपीआर दवाखान्यासमोर जुन्या कोर्टात, सहा जिल्ह्यांची प्रकरणं. ज्या बाईला अपिलासाठी सिंधुदुर्गातनं मुंबईला जावं लागायचं ती आता इथं उतरते. तिच्यावरच करा मालिका. पोरगी गेलेली आई, खालच्या कोर्टात आरोपी सुटलाय, आणि ती एसटी स्टँडवर फाईल घेऊन विचारतीय कोर्ट कुठं आलं.

—

काळा_कोट

ताई, ही माझ्या रोजच्या बघण्यातली आहे. असं कुणी लिहिलं तर कायद्याचं मी फुकट तपासून देतो.

आणि सीआयडीवाल्यांनाही एक प्रसंग सुचवतो, वापरला तर आनंदच आहे. एसीपी परत आणलेच आहेत तर त्यांच्या टीमला साक्षीला बोलवा. जुनी केस, निकाली लागलेली समजलेली, अपिलात परत उघडलीय. पिंजऱ्यात दया. आरोपीचा वकील आवाज न चढवता विचारतो, आत जायच्या आधी तुम्ही आपली ओळख सांगून दार उघडायला सांगितलं होतं का, नकार मिळाला होता का, कायद्यानं दार फोडायच्या आधी ते करावं लागतं. झडतीला जवळपासचे दोन प्रतिष्ठित पंच होते का. पंचनाम्यात मोडलेल्या दाराची नोंद का नाही. आणि शेवटी, आरोपीच्या गालावरची सूज वैद्यकीय तपासणीत आहे, ती कुठनं आली. मागं बाकावर मयताची आई बसलीय, तिला हे सगळं ऐकू येतंय, आणि खरं बोललं तर आरोपी सुटायची शक्यता आहे.

—

उभा_मारुती_चौक

साहेब, दया खोटं बोलंल?

—

काळा_कोट

तेच बघायचंय मला.

—

सरूआजी_फॅन

दया खोटं बोलणार नाही. अभिजीत बोलंल, दयाला वाचवायला. मग पुढचं वर्षभर दोघं एका जीपमधे बसतील तेव्हा काय बोलतील ते लिहा, मी एसीपींच्या मरणाचं माफ करून टाकते.

—

तपकिरी_फाईल

वडिलांना वाचून दाखवला हा प्रसंग. म्हणाले, सूज कुठनं आली ह्या प्रश्नाला ठाण्यात ठरलेलं उत्तर असतं, पळताना पडला. आणि मयताच्या आईकडं बघून ते उत्तर देता येत नाही, म्हणून साक्ष देताना जज्जसाहेबांच्या टेबलाकडं बघत राहायचं.